ऐकलंस तू, लिहिलं मी

अंबादास,

तुला 'तू' म्हणताना आज लाज वाटते आहे. गेली अठरा वर्षं तू मला 'सर' म्हणत होतास, 'तुम्ही' म्हणत होतास, आणि मी मात्र तुला शेवटपर्यंत अरे-तुरे करत राहिलो. त्याआधीची बारा-तेरा वर्षं आपण दोघंही एकमेकांना नावानंच हाक मारायचो. मधे काय झालं ते तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण त्याबद्दल आपण एक अक्षर काढलं नाही. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि आता मी बोलायला बसलोय. समोरचा गप्प असला की मला चांगलं बोलता येतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो, कारण तेवढाच एक भाग सांगताना मला कमीपणा वाटत नाही. मी नुकताच इथल्या एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो होतो. पुण्याच्या एका मित्रानं मला एक कॅसेट भरून दिली होती, वर ना गायकाचं नाव ना गाण्याचं. त्यात एक रेगे गाणं होतं. जमैका बेटावरचं हे संगीत मी तोवर ऐकलं नव्हतं, फक्त त्याबद्दल कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं असलं की ते आपल्याला येतं असं मी तेव्हा धरून चालायचो. गाणं लावलं आणि काहीतरी खटकलं. चार मात्रा मोजायला गेलो तर एकवर काहीच नाही, ढोल पडतो तो थेट तीनवर. माझा कान गल्लीतल्या भजनात वाढलेला. समेवर सगळ्यांनी मिळून उतरायचं एवढंच त्याला माहीत. मी तीनदा ऐकलं, टेपरेकॉर्डरचं हेड कापसानं पुसलं, पुन्हा ऐकलं आणि ठरवून टाकलं की हे यंत्र पहिला ठोका गिळतंय. आतला पट्टा सैल झाला असणार.

कॉलेजच्या शिपायानं तुझा पत्ता दिला. गावाच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग बिघडले की तोच चालू करतो, आणि ड्यूटी सुटल्यावर घरी टेप, रेडिओ, मिक्सर असलं दुरुस्त करतो, असं तो म्हणाला. मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून स्कूटरवरून तुझ्या दारात आलो आणि डॉक्टरला रोग आपणच सांगावा तशी तक्रार सांगितली. तू झाकण उघडलंच नाहीस. गाणं लावलंस, एक हात टेपवर ठेवलास आणि डोळे मिटून उभा राहिलास. मागं घेतलंस, पुन्हा लावलंस. तिसऱ्यांदा ऐकताना तुझी मान हलायला लागली.

"मशीन चांगलं हाय साहेब," तू म्हणालास. "हे मिस न्हाय. ह्यानं सोडलंय ते."

मी विचारलं, सोडलंय म्हणजे काय. तू तुझा हात वर धरलास आणि तसाच ठेवलास.

"हात वर हाय त्याचा. खाली आणला न्हाय. मुद्दाम."

मी हसलो. तूही हसलास, पण तू माझ्या पट्ट्याच्या निदानाला हसत होतास. आतून वहिनींनी चहा आणला. तुमचं लग्न होऊन वर्षच झालं होतं, आणि तू त्यांना तुमच्या घरच्या तेलुगूत सांगितलंस की हे साहेब चांगलं मशीन दुरुस्तीला घेऊन आलेत. मला ते दोन वर्षांनी कळलं, तेव्हा मात्र मी मनापासून हसलो.

तुझं म्हणणं मला पटलं नव्हतं. पटत नाही तोवर वाद घालायचा ही माझी खोड, म्हणून पुढच्या आठवड्यात तू मला कारखान्यात नेलंस. चोवीस माग एकाच शेडमध्ये. दारातच माझ्या छातीत ते खटखटणं बसलं. आत माणसं एकमेकांशी ओठांनी आणि बोटांनी बोलत होती, कारण आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. तू दारात उभा राहिलास, दोन क्षण खाली बघितलंस आणि मागच्या रांगेतल्या एका मागाकडे बोट केलंस. त्याचा धोटा, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकूड, एका बाजूला किंचित उशिरा पोचत होता. मागावरच्या माणसालाही अजून ते कळलं नव्हतं.

बाहेर टपरीवर मी विचारलं, एवढ्या गोंगाटात तुला ते ऐकू कसं आलं. तू म्हणालास की चोवीस माग वाजत असताना वाजणारं कोण ऐकत बसणार? मी वाजत न्हाय ते ऐकतो. जी खट पडायला पाहिजे आणि पडली न्हाय, ती कानाला लागते. मग बशीतला चहा संपवून तू पुढं जे बोललास ते खरं महत्त्वाचं होतं. मागात ठोका चुकला तर बिघाड आहे, आणि गाण्यात त्या माणसानं ठोका धरून ठेवलाय. दोन्हीकडे खट पडत नाही. पण एकीकडे माणूस नाही आणि दुसरीकडे माणूस आहे. हा फरक कानाला कळला पाहिजे, असं तू म्हणालास.

मी त्या शेडमध्ये पाच मिनिटं होतो. डोकं दुखायला लागलं म्हणून बाहेर आलो होतो. पाच मिनिटं हा आकडा लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

त्यानंतर तुझ्या सुट्टीच्या दिवशी चार वाजता तू माझ्याकडे यायला लागलास. साहेबचा दिलीप व्हायला तीन आठवडे लागले. इतर गाणी आपण ऐकायचो, नाही असं नाही, पण शेवट त्याच गाण्यानं व्हायचा. तू त्याला फक्त 'ते गाणं' म्हणायचास, आणि मी पुढं त्याचं आणि गायकाचं नाव शोधून काढलं तरी तू ते वापरलं नाहीस, म्हणून इथंही लिहीत नाही.

त्या गाण्यात काय होतं ते तुला पुन्हा सांगायला मला आवडेल, पण सांगताना प्रत्येक वाक्य तुझंच निघेल. गिटार वाजते ती ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधे, चिक, चिक, अशी कापल्यासारखी, आणि लगेच हातानं दाबलेली. मागं ऑर्गन आमटीला बारीक उकळी यावी तसा रटरटत असतो. ढोल आणि त्याच्या काठाची टकटक दोन्ही मिळून तीनवर. आणि ह्या सगळ्यांच्या पुढं बेस, म्हणजे खर्जातली गिटार. आपल्याकडे बेस मागं कुठंतरी गाण्याला टेकू देत उभा असतो. तिथं तोच पुढं बसलेला, आणि गाणारा त्याच्या मागून गातोय. माझ्या त्या छोट्या टेपवर बेस नीट यायचा नाही, म्हणून तू टेपरेकॉर्डर लोखंडी ट्रंकेवर ठेवलास आणि ट्रंकेवर तळहात टेकवायला लावलास. बेस आधी हाताला कळला, मग कानाला. सगळ्याची चाल संथ. कोणालाही कुठं पोचायची घाई नाही, तरी कोणी ढिला नाही. "लई शिस्तीचं आळसावलेलं गाणं हाय," असं तू म्हणायचास, आणि ह्यापेक्षा चांगलं वर्णन मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

तीन बायका मागून एकच ओळ म्हणायच्या. गाणारा बंदरावर कामाला निघालाय आणि बायकोला सांगतोय की माझं ताट झाकून ठेव, मी येतोच. त्या बायका विचारतात, कधी? तो पुन्हा म्हणतो, ताट झाकून ठेव. इंग्रजी बोली होती, मी शब्द लावून तुला अर्थ सांगितला आणि वर माझं मत सांगितलं की हा काही परत येत नाही. आवाजातच कळतंय. बायकोला फसवून चाललाय, किंवा स्वतःला. तू म्हणालास, येतोय की. मी म्हणालो, कशावरून? तू ट्रंकेवर हात ठेवलास. बेस बघ, कितीबी लांब गेला तरी दर चौथ्याला घरी येतोय. मी म्हणालो, शब्द ऐक. तू म्हणालास, शब्द तुझे, बेस माझा. ह्यावर आपण बारा वर्षं भांडलो. तू मला एकदाही जिंकू दिलं नाहीस आणि मीही तुला नाही. कधी कधी वाटतं की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ भांडण तेच होतं. त्यात कोणाला काही मिळवायचं नव्हतं.

त्या दुपारींनी मला काय दिलं ते मी कधी बोललो नाही. वर्गात पोरं गप्प बसली की मला वाटायचं शिकवणं चांगलं चाललंय. तुझ्यामुळे गप्प बसण्यातला फरक कळायला लागला. माझी बायको चिडली की बोलते, आणि खरी चिडली की बोलत नाही, हे लग्नानंतर सहा वर्षांनी माझ्या ध्यानात आलं तेही तुझ्यामुळेच. एवढं सगळं मिळालेला माणूस पुढं काय करतो ते आता सांगतो.

गावातल्या एका संगीतप्रेमी मंडळानं मला व्याख्यानाला बोलावलं. परदेशी संगीत कसं ऐकावं, असा विषय. मीच तुला ये म्हणालो होतो. तू कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलास आणि सगळ्यात मागं बसलास. मी ते गाणं वाजवलं, आणि मग सांगायला लागलो की मी एकदा टॉवेलच्या कारखान्यात तासभर उभा होतो. चोवीस माग चालू होते. आणि तिथं मला सुचलं की वाजणारं ऐकायचं नसतं, न वाजणारं ऐकायचं असतं. मला सुचलं. हे दोन शब्द मी आधी ठरवले नव्हते. तोंडातून गेले, समोरच्या रांगेत माना हलल्या, आणि त्या हललेल्या माना मला इतक्या गोड लागल्या की मी परत फिरलोच नाही. उलट पुढं गेलो. म्हणालो की पहिल्या ठोक्याच्या जागी एक पोकळी आहे, एक शून्य आहे, आणि रेगेचं सगळं तत्त्वज्ञान त्या शून्यात आहे. शून्य म्हटल्यावर तर टाळ्याच पडल्या.

इथवर मी चोर होतो. खरी लाजेची गोष्ट पुढं आहे.

चहाच्या वेळी तू जवळ आलास. मंडळाच्या अध्यक्षांनी तुझ्याकडे बघून मला विचारलं, हे कोण? तू माझ्यापासून दोन हातांवर होतास. तुझा चेहरा उजळलेला होता, हे मला आजही दिसतं. तुला वाटलं असणार, आता सांगेल. मी म्हणालो, "हा होय, आमचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो."

तू हातातला कप खाली ठेवलास. मग अध्यक्षांना नमस्कार केलास आणि म्हणालास, "व्हय. सरांचा टेप मीच बघतो."

सर. त्या दिवसापासून सर. पुढच्या सुट्टीला तू नेहमीसारखा चार वाजता आलास, पण हातात स्क्रूड्रायव्हरची पिशवी होती. टेप उघडलास, हेड स्पिरिटनं पुसलंस, पट्टा ताणून बघितलास, झाकण लावलंस आणि "झालं सर" म्हणून उठलास. मी म्हणालो, गाणं लावू की. तू म्हणालास, आज गडबड आहे. मला राग आला, अंबादास. खरं सांगतो, लाज नाही आली, राग आला. एवढ्याशा शब्दाचं काय धरून बसलाय, असं मी मनात म्हणालो. आपण ज्याचं वाईट केलं त्याच्यावरच रागावून बसणं मला चांगलं जमतं. रागावलं की माफी मागावी लागत नाही.

ते व्याख्यान गाजलं. मग एका रविवारच्या पुरवणीत लेख आला, मग माझं पुस्तक आलं. त्या पुस्तकात सगळ्यात जास्त नावाजलं गेलेलं प्रकरण कोणतं ते तुला सांगायला नको. पुस्तकाच्या शेवटी पानभर आभार आहेत. प्रकाशक, मुद्रितं तपासणाऱ्या बाई, कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा देणारा माणूससुद्धा आहे. तू नाहीस. विसरलो असतो तर बरं झालं असतं. तुझं नाव मी लिहिलं होतं आणि खोडलं. जॉबर अंबादास यांनी मला ऐकायला शिकवलं, असं एकदा छापलं की त्या प्रकरणात माझं काय उरतं? काहीच उरत नव्हतं. एवढं साधं कारण होतं. ह्याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधत होतो, ते नव्हतंच.

पुस्तक मात्र तुला द्यायला आलो. दारातूनच दिलं. आत या म्हणालास तर गडबड आहे म्हणालो. तुझाच शब्द तुला परत केला.

मग टेप गेले, आपलं भेटणं सणावाराला आलं. रस्त्यात भेटलास की तू थांबायचास, "सर, बरं हाय का?" म्हणायचास, वहिनींनी केलेली शेंगांची चटणी दिवाळीला न चुकता यायची. तू माझ्याशी कधी वाकडं वागला नाहीस. वागला असतास तर मी भांडलो असतो, आणि भांडताना तरी खरं निघालं असतं. तुझ्या त्या चांगुलपणाचा मला फार त्रास झाला, हे लिहिताना मला कळतंय की हीसुद्धा तक्रार मी तुझ्यावरच ढकलतोय.

महिन्याभरापूर्वी तुझ्या भारतीचा फोन आला. तुझी पोरगी आता तीस वर्षांची, बँकेत नोकरीला, हेही मला फोनवर कळलं. छातीत सगळा कापूसच भरलाय म्हणतात डॉक्टर, असं ती म्हणाली. मी दवाखान्यात आलो ते ठरवून आलो होतो. वाक्यं तयार होती, तीन-चार वेळा म्हणून बघितली होती. तू उशीला टेकून बसला होतास, श्वासाला आवाज येत होता. मी बोलायच्या ऐवजी मोबाइल काढला. एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. ते गाणं इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तुझ्याबरोबर तर अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं. बेस आला तेव्हा तू चादरीवर तळहात टेकवलास. गाणं संपल्यावर मी इअरफोन काढले.

"सर, काय सांगायचं होतं का?" तू विचारलंस.

मी म्हणालो, काही नाही, आधी बरा हो.

तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. मी काय सांगितलं नाही ते तुला ऐकू गेलं असणार. तुझा धंदाच तो. पण म्हणून माझी सुटका होत नाही. तुला कळलं असेल आणि मी सांगितलं असेल, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्यानं तू गेलास.

दहाव्याला मी तुमच्या घरी होतो. तुमचे नातेवाईक हैदराबादहून, वैरागहून आले होते. वहिनींनी मला खुर्चीवर बसवलं, सगळे खाली सतरंजीवर, आणि ओळख करून दिली. हे सर. ह्यांनीच आमच्या ह्यांना ते परदेशी गाणं ऐकायला शिकवलं. पुस्तक लिहिलंय त्याच्यावर. मी गडबडून म्हणालो, नाही वहिनी, तसं काही नाही. त्या म्हणाल्या, सरांना मोठेपणा आवडत न्हाय, पण आमच्या ह्यांनीच मला सांगितलंय. तुमचं पुस्तक घरात आलं तेव्हा भारती वाचून दाखवत होती. मी ह्यांना म्हणाले, हे तर तुमचंच बोलणं, कारखान्यातलं, रोजचं. तर म्हणाले, न्हाय, सरांनी मला शिकवलं, मी त्यांचं बोलत होतो इतके दिवस.

सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं बघितलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडले. मी काय केलं असेल? मीही हात जोडले. ताट आलं, जेवलो, आणि घरी गेलो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. तुझं घेतलं ते एक झालं. पण तू स्वतःच ते माझ्या नावावर केलंस, तेही तुझ्या बायकोसमोर, तुझ्या घरात, जिथं निदान एका माणसाला तरी ते तुझं आहे हे माहीत होतं. तिच्याकडूनही तू ते काढून घेतलंस आणि मला दिलंस. का, ते मला कळत नव्हतं. माझी लाज झाकायला? की आपल्या घरात माझ्याबद्दल कोणी वाईट बोलू नये म्हणून? मला विचारायला तू हवा होतास.

काल दुपारी मी तुमच्या घरी गेलो. वहिनी आत होत्या, भारती एकटीच बाहेर बसली होती. मी बसलोही नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. टेपरेकॉर्डरचं, कारखान्यातल्या पाच मिनिटांचं, व्याख्यानाचं, चहाच्या वेळी काय म्हणालो त्याचं, खोडलेल्या नावाचं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. संपल्यावर ती म्हणाली, "मला माहीत हाय काका."

तुझ्यासारखंच म्हणाली, आवाज न चढवता. पुस्तक आलं तेव्हा ती आठवीत होती. तुझी शाळा तेलुगू माध्यमाची, मराठी वाचायला तुला वेळ लागायचा, म्हणून ते प्रकरण तिनं तुला दोनदा वाचून दाखवलं होतं. आई आत गेल्यावर तिनं तुला विचारलं होतं, नाना, हे तुमचंच हाय ना? तू हो म्हणाला होतास, आणि आईला बोलायचं न्हाय असंही. मी विचारलं, आणखी काय म्हणाले?

ती उठली, कपाटातून पुस्तक काढलं. त्या एका पानावर पेन्सिलीची रेघ होती, पोकळी आणि शून्य ह्या माझ्या लाडक्या शब्दांखाली.

"एवढंच चुकलंय म्हणाले," भारती म्हणाली. "पोकळी कुटली, तितं माणूस बसलाय हात धरून. नेलं तर नेलं, नीट न्यायचं की, म्हणाले."

अंबादास, इतक्या वर्षांत माझ्या पुस्तकावर बऱ्याच लोकांनी लिहिलं. चूक एकट्या तुला सापडली. आणि ती चूक मी का केली हेही आता मला कळतं. तिथं माणूस बसलाय म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, कोण? शून्याला कोणी नाव विचारत नाही. मी तुझं घेतलं, आणि तुला त्यातून काढायचं म्हणून त्यातला माणूसच काढून टाकला. तुला स्वतःच्या नावाचं काही वाटलं नाही. गाण्यातल्या त्या माणसाला मी पुसलं ह्याचं वाटलं.

भारतीनं विचारलं, आईला तुम्ही सांगता की मी सांगू. मी म्हणालो, मी सांगतो. तिनं हाक मारली.

वहिनी येऊन बसल्या. ह्या वेळी मी खाली बसलो. तेच सगळं पुन्हा सांगितलं, पण भारतीला सांगताना जीभ जशी चालली तशी आता चालली नाही. मी त्याला काही शिकवलं नाही वहिनी, त्यानं मला शिकवलं. पुस्तकात आहे ते सगळं त्याचं आहे. मला वाटत होतं की त्या रडतील, किंवा मला जा म्हणतील. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

त्यांनी यातलं काहीच केलं नाही. हातातला पदर मांडीवर सरळ केला. मग म्हणाल्या, "म्हणजे ते माझ्याशी खोटं बोलले."

मी हो म्हणालो. 

वहिनींनी तुझ्या फोटोकडे मान वळवली आणि तेलुगूत काहीतरी बोलल्या. आवाज चढलेला होता. मी भारतीकडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्हाला न्हाय काका. नानाला विचारतीय, मला तरी खरं सांगायचं होतं की."

तू गेल्यापासून वहिनी पहिल्यांदाच तुझ्यावर रागावल्या, अंबादास, आणि तो राग माझ्या वाट्याचा होता.